गोळीचे बळ कशात?

१८ ऑगस्ट २०२२ रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली. नौकेवर माणूस नव्हता. तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे मात्र होती. पाहता पाहता श्रीवर्धन तालुक्यात नाकाबंदी झाली आणि सावधानतेचे इशारे मुंबईपर्यंत पोहोचले. पुढे उलगडा झाला तो असा की, नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून ती मस्कतहून युरोपकडे निघाली होती. भर समुद्रात इंजिन बिघडल्यामुळे तिच्यावरील माणसांची सुटका करण्यात आली आणि रिकामी नौका पावसाळी प्रवाहाबरोबर वाहत कोकणच्या किनाऱ्याला आली.

भीती निराधार ठरली. पण ती अकारण नव्हती. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत याच किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे, शस्त्रास्त्रे आणि आरडीएक्स उतरविण्यात आले होते. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. ज्या किनाऱ्याने एवढे पाहिले, त्याने तीन रायफली पाहून दचकावे यात नवल ते काय?

अशा प्रत्येक प्रसंगानंतर चर्चा शस्त्राच्या जातीभोवती घोटाळू लागते. त्यांच्यापाशी कोणती बंदूक आहे? आमच्या पोलिसांपाशी कोणती आहे? सागरी पोलीस ठाण्यातील फौजदाराच्या कमरेचे पिस्तूल तिच्यापुढे टिकेल काय? आणि मग ओघानेच मागणी येते ती अधिक मोठ्या, अधिक महाग, अधिक नव्या शस्त्रांची. या मागणीमागे एक गृहीत धरलेले उत्तर असते: गोळीची परिणामकारकता तिच्या आकारावर किंवा शस्त्राच्या किमतीवर ठरते. हे उत्तर कितपत खरे आहे? प्रश्न केवळ शस्त्रतज्ज्ञांचा नाही. पोलिसांच्या शस्त्रांचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, आणि झाडलेली गोळी कोणाला लागते याचा हिशेब समाजाला चुकवावा लागतो. म्हणूनच शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनीही या वादात लक्ष घालण्यास हरकत नसावी.

क्रिकेटचा चेंडू आणि पिस्तुलाची गोळी

प्रथम शाळेतील पदार्थविज्ञान आठवावे. पोलिसांच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी सुमारे ८ ग्रॅम वजनाची असते आणि नळीतून सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने सुटते. एके-४७ रायफलीच्या गोळीचे वजनही जवळपास तेवढेच, पण तिचा वेग सुमारे ७०० मीटर. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वजन सारखे असूनही वेग दुप्पट होताच ऊर्जा चौपट होते. पिस्तुलाची सुमारे ५०० ज्यूल, तर रायफलीची सुमारे २,००० ज्यूल. रायफलीची गोळी जखमेच्या भोवतीच्या भागालाही हादरवून फाडते. पिस्तुलाच्या गोळीपाशी तेवढा वेग नसतो. ती ज्या भागातून प्रत्यक्ष आरपार जाते, मुख्यतः तेवढ्याच भागाची हानी करते.

चित्रपटांनी रुजविलेला एक समज येथेच निकालात निघतो. पडद्यावर गोळी लागलेला माणूस फेकला गेल्यासारखा मागे कोसळतो. प्रत्यक्षात १६० ग्रॅम वजनाचा क्रिकेटचा चेंडू तेज गोलंदाजाने ताशी १३० किलोमीटर वेगाने टाकला, तर त्याचा संवेग पिस्तुलाच्या गोळीच्या सुमारे दुप्पट असतो. साठ किलोच्या माणसाला पिस्तुलाच्या गोळीने मिळणारा धक्का त्याला सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर ढकलण्याइतकाच भरतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे, गोळीने समोरचा माणूस उडत असता, तर चाप ओढणाराही तितक्याच जोराने मागे उडाला असता! तात्पर्य, पिस्तुलाची गोळी माणसाला धक्क्याने पाडत नाही. ती आपल्या वाटेतील मर्मस्थानाला इजा करते किंवा रक्तस्राव घडविते. रक्तस्रावाला वेळ लागतो. हृदय निकामी झाले तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूच्या बळावर माणूस दहा-पंधरा सेकंद हालचाल करू शकतो, आणि चकमकीत दहा सेकंद हा फार दीर्घ काळ असतो.

मोठी गोळी की वेगवान गोळी?

या साध्या विज्ञानावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. फिलिपाइन्समधील मोरो योद्ध्यांना आपल्या ०.३८ रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या वेळीच थोपवीत नाहीत, असा अमेरिकी सैन्याचा अनुभव होता. म्हणून १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर आणि मृतदेहांवर चाचण्या घेतल्या. निष्कर्ष निघाला तो मोठ्या, ०.४५ इंच व्यासाच्या गोळीच्या बाजूने. १९११ साली त्या सैन्याने स्वीकारलेले कोल्ट पिस्तूल हे त्याचेच फलित होय.

परंतु ब्रिटिश सैन्याने पहिल्या महायुद्धानंतर नेमका उलटा निर्णय घेतला. त्यांच्यापाशी ०.४५५ चे भारदस्त वेब्ली रिव्हॉल्व्हर होते. ते सोडून त्यांनी १९३० च्या दशकात ०.३८ चे हलके रिव्हॉल्व्हर पत्करले. कारण व्यवहारी होते. जड रिव्हॉल्व्हरचा झटका मोठा असल्याने नवशिक्यांना ते नीट चालविण्यास शिकविणे कठीण जाई. हलके शस्त्र थोड्या सरावात हाती बसे. एका सैन्याने गोळीचा विचार केला, तर दुसऱ्याने गोळी झाडणाऱ्या हाताचा.

या वादाचा एक धागा हिंदुस्थानातही आहे. कोलकात्याजवळील डमडम येथील शस्त्रागारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी तयार करण्यात आली आणि त्या गावाचे नाव जगाच्या शब्दकोशात गेले. १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरविला. पण युद्धात जे निषिद्ध तेच अनेक देशांच्या पोलिसांना आज ग्राह्य वाटते. पसरणारी गोळी माणसाच्या शरीरात थांबते. न पसरणारी आरपार जाऊन मागे उभ्या असलेल्या निरपराध्याला लागू शकते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. परिणामकारकता ही लक्ष्यापुरती मोजायची, की लक्ष्यामागे उभ्या असलेल्या माणसासह मोजायची, हा भेद येथे प्रथम ध्यानात येतो.

११ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेतील मायामी येथे झालेल्या चकमकीने या वादाला नवे वळण दिले. एफबीआयच्या आठ अधिकाऱ्यांची गाठ दोन दरोडेखोरांशी पडली. एका दरोडेखोराला ९ मिलिमीटरची एक गोळी सुरुवातीसच लागली, दंडातून छातीत शिरली. पण हृदयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच थांबली. ती जखम अखेर प्राणघातक ठरण्याजोगीच होती. तरीही तो लढत राहिला. दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी झाले. यानंतर एफबीआयने अभ्यास करून असे ठरविले की, पिस्तुलाच्या गोळीबाबत पहिली कसोटी खोलीची. गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर, शिरलीच पाहिजे. आकाराचा विचार त्यानंतर. जिलेटिनच्या या चाचणीचा शास्त्रीय पाया घालणारे डॉ. मार्टिन फॅकलर हे व्हिएतनाम युद्धात काम केलेले लष्करी शल्यविशारद होते.

फॅकलर यांच्याविरुद्ध उभा राहिला तो आकडेवारीचा पक्ष. इव्हान मार्शल आणि एड सॅनो यांनी १९९२ च्या सुमारास प्रत्यक्ष गोळीबारांची माहिती गोळा करून कोणती गोळी एकाच फटक्यात किती टक्के वेळा माणसाला थांबविते, याची कोष्टके प्रसिद्ध केली. कोष्टके आकर्षक होती; मात्र संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यांतील खोच पाहण्यासारखी आहे. ज्या प्रसंगांत माणसाला एकच गोळी लागली, तेवढेच प्रसंग मोजण्यात आले होते. आता, पहिल्या गोळीने माणूस थांबला नाही तर झाडणारा काय करील? दुसरी झाडील. ती लागली, की तो प्रसंग कोष्टकातून बाद! म्हणजे अपयशाची बरीच उदाहरणे मोजणीआधीच गळून पडली आणि यशाची टक्केवारी फुगली. उत्तीर्ण विद्यार्थ्यांचीच सरासरी काढून शाळेचा निकाल जाहीर करण्यासारखाच हा प्रकार.

वादाचा व्यावहारिक शेवटही बोधप्रद आहे. मायामीनंतर एफबीआयने अधिक शक्तिशाली १० मिलिमीटर गोळी स्वीकारली; तिचा झटका अनेकांना पेलेना. मग ०.४० ची मधली गोळी आली. आणि त्या चकमकीला तीस वर्षे होता होता ती संस्था पुन्हा ९ मिलिमीटरवर परतली. कारणे दोन: सुधारित बनावटीमुळे लहान गोळीही पुरेशी खोल जाऊ लागली होती, आणि लहान गोळीने बहुतेक अधिकाऱ्यांचा नेम अधिक अचूक व अधिक जलद साधत होता. कोट्यवधी डॉलर खर्चून काढलेला निष्कर्ष ब्रिटिशांच्या १९३० च्या दशकातील व्यवहारी विचारापाशीच येऊन ठेपला.

महाराष्ट्राचा पुरावा

या निष्कर्षासाठी मायामीलाच जावे असे नाही; महाराष्ट्राचा इतिहास याबाबत पुरेसा बोलका आहे. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. रात्र एक, रस्ता एक, झाडणारे एकाच घरातील आणि अंतर दोन्हीकडे हाताएवढे. आयर्स्ट जागीच मरण पावला; रँड ३ जुलैपर्यंत जगला.

२२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून रिव्हॉल्व्हर झाडले. हॉटसन वाचले. त्यांच्या खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणावर गोळी अडली, असे तेव्हा सांगण्यात आले. अलीकडचे उदाहरण याहून दुःखद आहे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि उमाताई पानसरे यांच्यावर एकाच वेळी हल्ला झाला. पानसरे २० फेब्रुवारीला गेले. उमाताई जखमी होऊनही वाचल्या.

पण या प्रश्नावर सर्वांत अधिक प्रकाश टाकणारा प्रसंग २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्रीचा, गिरगाव चौपाटीवरचा आहे. समोर एके-४७ घेतलेले दोन दहशतवादी, आणि नाकाबंदीवर असलेल्या पोलिसांपाशी लाठ्या आणि मोजकी हातातली शस्त्रे. गणिताने पाहता चौपट ऊर्जेची गोळी जिंकावयास हवी होती. घडले ते निराळे. पोलिसांच्या साध्या हातशस्त्रांच्या गोळ्यांनी इस्माईल ठार झाला, कारण त्या जवळून आणि नेमक्या लागल्या. तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली. गोळ्या शरीरात शिरत असतानाही त्यांनी ती सोडली नाही आणि सहकाऱ्यांना कसाबला जिवंत पकडता आले. ज्या रायफलीचे नाव ऐकून गावे धास्तावतात, तिच्या गोळ्याही त्या निर्णायक क्षणी ओंबळे यांचे हात सोडवू शकल्या नाहीत. ओंबळे यांना प्राण द्यावे लागले, हे विसरून चालणार नाही; शस्त्राच्या कमतरतेची भरपाई दरवेळी हौतात्म्याने व्हावी, अशी अपेक्षा कोणत्याही शासनाने करू नये. पण परिणाम शस्त्राच्या जातीवर आपोआप ठरत नाही, हे त्या रात्रीने सिद्ध केले.

न लागलेल्या गोळ्यांचा हिशेब

मग परिणाम ठरतो कशावर? गोळी कोठे लागली आणि किती खोल गेली यावर. आणि त्याही आधी ती लागली की नाही यावर. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा रँड कॉर्पोरेशनने केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. १९९८ ते २००६ या काळात, समोरून उलट गोळीबार होत असताना, त्या पोलिसांच्या शंभरांपैकी सुमारे १८ गोळ्याच लक्ष्याला लागल्या. समोरून गोळीबार नसताना सुमारे ३०. हे जगातील एका श्रीमंत शहराचे पोलीस दल आहे. शंभरांतील ८२ गोळ्या लक्ष्याला लागतच नसतील, तर त्यांचा व्यास किती होता या चर्चेला अर्थ तो कोणता? आणि त्या ८२ गोळ्या हवेत विरून जात नाहीत. त्या कोठे तरी, कोणाला तरी लागण्याचा संभव असतोच.

येथे अर्थशास्त्रातील सीमांत उपयोगितेचा विचार लागू पडतो. पुढचा एक रुपया कोठे खर्च केला असता सर्वाधिक लाभ होईल? नव्या जातीच्या पिस्तुलावर की जुन्याच पिस्तुलाच्या सरावाच्या काडतुसांवर? वरील पुरावा दुसऱ्या पर्यायाकडे बोट दाखवितो. तरीही अंदाजपत्रकांचा कल पहिल्याकडे असतो. याचे कारण उघड आहे. शस्त्रखरेदीला निविदा असते, समारंभ असतो, मंत्र्यांच्या हस्ते वाटप असते. सरावासाठी झाडलेले काडतूस धूर होऊन जाते आणि मागे राहतो तो फक्त हवालदाराच्या हातातील स्थिरपणा. त्याचे छायाचित्र निघत नाही. हीच गोष्ट किनाऱ्यावरील गस्ती नौकांची. नौकेच्या खरेदीला निधी मिळतो. तिच्या इंधनाला, दुरुस्तीला आणि प्रशिक्षित तांडेलाला तो मिळविताना दमछाक होते. २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या शस्त्रसज्जतेतील आणि दारूगोळ्यातील उणिवांची नोंद केली होती. त्यानंतर नवी शस्त्रे आली. शस्त्राबरोबर वर्षाला किती काडतुसांचा सराव आला, हा प्रश्न मात्र विधिमंडळात क्वचितच ऐकू येतो.

थांबविणे आणि मारणे

एवढ्यावरून गोळीच्या आकाराला काहीच महत्त्व नाही असे कोणी समजेल, तर तेही चूक ठरेल. पोलिसाचा प्रश्न समोरच्याला त्या क्षणी थांबविण्याचा असतो. समाजाचा प्रश्न वेगळा असतो: गोळी लागलेली किती माणसे जगतात आणि किती मरतात? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील अँथनी ब्रागा आणि फिलिप कुक यांनी शोधले. यांतील कुक हे अर्थशास्त्रज्ञ आहेत. बॉस्टन शहरात २०१० ते २०१४ या काळात गोळीबारात सापडलेल्या व्यक्तींच्या पोलीस नोंदी त्यांनी तपासल्या आणि २०१८ साली निष्कर्ष मांडले. जखमांची संख्या आणि जागा यांचा गोळीच्या मापाशी संबंध दिसला नाही. म्हणजे मोठ्या शस्त्राचे हल्लेखोर अधिक नेमबाज किंवा अधिक निर्घृण होते असे नव्हे. तरीही ०.२२, ०.२५ आणि ०.३२ या लहान मापांच्या तुलनेत ०.३८ आणि ९ मिलिमीटरच्या मध्यम मापाने मृत्यूचे पारडे सुमारे २.३ पट, तर त्याहून मोठ्या मापाने सुमारे ४.५ पट जड झाले होते. सर्व शस्त्रे लहान मापाची असती तर त्या शहरातील अशा हत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या असत्या, असा त्यांचा अंदाज आहे.

वरवर पाहता हा पुरावा आधीच्या निष्कर्षाच्या विरोधी वाटतो. तसा तो नाही. गोळी लागणे हे हातावर अवलंबून आहे. लागल्यानंतर पुढील काही तासांत माणूस दगावणे हे बऱ्याच अंशी मापावर अवलंबून आहे. थोड्याशा अधिक रुंद जखमेने चकमकीच्या दहा सेकंदांत फरक पडत नाही, पण रुग्णालयात पोहोचेपर्यंतच्या तासाभरात पडतो.

यातून भारतीय कायद्याचे एक दुर्लक्षित शहाणपण पुढे येते. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालील नियम यांनी ०.३८ आणि ९ मिलिमीटर ही मापे पोलीस व लष्करासाठी राखून ठेवली आहेत. सामान्य परवानाधारकाला सहसा ०.३२ बोअरचे शस्त्र मिळते. सरकारी काडतूस खासगी बाजारात मिसळू नये, हा त्यामागचा व्यवहारी विचार दिसतो. बॉस्टनच्या अभ्यासाने लहान आणि मध्यम माप यांच्यामध्ये जी रेघ ओढली, जवळपास तीच रेघ हा कायदा दशकानुदशके सांभाळीत आला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. ही बंधने सैल करावीत, सामान्य नागरिकालाही 'दमदार' पिस्तूल मिळावे, अशी मागणी अधूनमधून होते. तिच्या पुरस्कर्त्यांनी हा पुरावा एकवार डोळ्यांखालून घालावा.

बेकायदा शस्त्रांबाबतही अर्थशास्त्राचे एक साधे तत्त्व उपयोगी आहे. गावठी कट्टा ही टिकाऊ वस्तू; एकदा घडविली की वर्षानुवर्षे हातोहात फिरते. काडतूस ही उपभोग्य वस्तू. एकदा झाडले की संपले. शिवाय कट्टा गावच्या लोहाराच्या भट्टीवर घडविता येतो, पण भरवशाचे काडतूस सहसा कारखान्यातूनच यावे लागते. म्हणून लगाम घालायचा तो काडतुसांच्या पुरवठ्याला. दुकानातील साठा, परवानाधारकाचा वापर आणि सरकारी कोठारातील नोंद या तिन्हींचा मेळ बसतो की नाही, हे पाहणारा दक्ष कारकून पुष्कळदा सशस्त्र पथकाइतकेच प्राण वाचवू शकेल.

किनाऱ्याने शिकविलेला धडा

आता पुन्हा रायगडच्या किनाऱ्याकडे वळावे. १९९३ साली दिघी-शेखाडीला जे उतरले, त्याची मारकशक्ती केवळ ज्या कारखान्यांत ते तयार झाले तेथे ठरली नव्हती. ती किनाऱ्यावरच्या वाटेतही ठरली. माल अडविणे ज्यांचे कर्तव्य होते, अशा सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील काही जणांना विशेष न्यायालयाने पुढे दोषी ठरविले. नाक्यावरचा माणूस विकला गेला की पुढच्या प्रत्येक गोळीची परिणामकारकता वाढते, आणि त्याची किंमत मागाहून कोणत्याही पिस्तुलाने वसूल करता येत नाही.

याच जिल्ह्याने गोळीच्या परिणामाची आणखी एक बाजू पाहिली आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारात आठ जण हुतात्मा झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. शासनाच्या दृष्टीने दोन्ही वेळी गोळीचा हेतू जमाव पांगविणे आणि आंदोलन मोडणे हा होता. जमाव पांगला असेल. आंदोलन मोडले नाही. चिरनेरचा स्मृतिदिन आजही पाळला जातो, आणि १९८४ च्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण शासनाला स्वीकारावे लागले. जिलेटिनच्या ठोकळ्यात हा परिणाम मोजता येत नाही; पण गोळीबाराचा हुकूम देणाऱ्याने तो मोजावयास हवा.

शेवटची गोष्ट उपचारांची. बंदुकीची गोळी असो की महामार्गावरचा अपघात, रक्तस्राव होणाऱ्या माणसाचा निकाल बहुधा पहिल्या तासात लागतो. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला, न्यायचे तर खाडी आडवी येते, नाही तर माणगावमार्गे मोठा वळसा पडतो. तालुक्याच्या रुग्णालयात रक्तसाठा, भूलतज्ज्ञ आणि शल्यविशारद असतील, तर त्या प्रमाणात गोळीची परिणामकारकता घटते. हा खर्च पोलीस खात्याच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. पण पोलिसाचा, कोळ्याचा आणि वाटसरूचा जीव वाचविण्याच्या दृष्टीने तो नव्या शस्त्रांच्या खरेदीहून अधिक फलदायी ठरण्याचा पुष्कळ संभव आहे.

हरिहरेश्वरला आणखी एखादी बेवारस नौका केव्हा लागेल, आणि तिच्यात काय असेल, हे कोणी सांगू शकत नाही. तेव्हा पहिला प्रश्न 'बंदूक कोणती?' हाच विचारला जाईल. तो अवश्य विचारावा. पण त्यासोबत आणखी चार प्रश्न विचारण्याची सवय नागरिकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी लावून घ्यावयास हवी: ठाण्यातील पोलिसाने गेल्या वर्षी सरावाची किती काडतुसे झाडली? गस्तीची नौका महिन्यातून किती दिवस पाण्यात होती? काडतुसांच्या नोंदवह्या शेवटच्या कोणी आणि केव्हा तपासल्या? आणि जखमी माणसाला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो? या चार प्रश्नांची उत्तरे जेथे समाधानकारक असतील, तेथे साध्या पिस्तुलावरही भागेल. जेथे नसतील, तेथे सर्वांत महागडे शस्त्रही शोभेपुरतेच राहील.